जीआय पत्र्याचं क्लिंचिंग: बटण मानेत तुटतंय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं लहान शेड आहे, जीआयच्या (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) पॅनेल बॉक्सचं काम. बाहेरचा पत्रा ०.८ मिमी, आतल्या पट्ट्या १.२ च्या. आजवर सगळं स्पॉट वेल्डिंगवर. पण जस्त वेल्डिंगच्या तांब्याच्या टिपेला चिकटतं, शे-दोनशे टाके झाले की पोरगं कानस घेऊन टिपा घासत बसतं. वर टाक्याच्या जागी जस्त जळालेलं, पावसाळ्यात नेमका तिथंच गंज. आपल्याकडचा पाऊस काय सांगायचा!

म्हणून क्लिंचिंग मशीन बघून आलो. खाली डाय, वर पंच. दोन्ही पत्रे एकदम डायमध्ये दाबायचे, तळाला धातू बाजूला पसरतो आणि वरचा पत्रा खालच्यात अडकून बसतो. रिव्हेट नाही, ठिणगी नाही, खालून फक्त बटणासारखा फुगवटा. ०.८ वर ०.८ झकास झालं, व्हाइसमध्ये धरून पकडीनं ओढलं तरी सुटेना. मग आमची पट्टी लावली. पंच बाहेरून, म्हणजे पातळ पत्रा वर. हातानं पिरगाळली तर टप्पदिशी निघाली! वरच्या पत्र्याची टिकली पट्टीच्या बटणात तशीच, पत्र्याला गोल भोक.

विकणारा म्हणतो, प्रेशर वाढवा. मला पटत नाही. कुणी वापरतंय का? आणि घरच्या १० टनी पॉवर प्रेसवर नुसता पंच-डाय बसवला तर चालेल?

प्रतिसाद: दादा, प्रेशर वाढवून मान जाड होत नसते. जोडाचा जीव वरच्या पत्र्याच्या मानेत, म्हणजे बटणाच्या ताणून पातळ झालेल्या उभ्या भिंतीत, म्हणून जाड पत्रा शक्यतो पंचाकडं घ्यायचा. जाडी बदलली की डायची खोलीही बदलते. त्यांनी डाय बदलली होती का? रोजची तपासणी म्हणून बटणाच्या तळाची उरलेली जाडी टोकदार मायक्रोमीटरनं मोजा, जोड फोडावा लागत नाही. प्रेसचं म्हणाल तर एका टाक्याला तीन-चार टन लागतील, टनेज पुरेल. पण पंच मधोमध आला नाही तर एका बाजूची मान कापते, तेव्हा गाईड पिलरचा, म्हणजे पंच-डाय सरळ रेषेत धरणाऱ्या खांबांचा डाय सेटच घ्या.

धागाकर्ता: डाय तीच होती भावा, आत्ता लक्षात आलं. पण पट्टी पंचाकडं घेतली तर फुगवटा दर्शनी बाजूला येतो, पावडर कोटिंगखाली पुटकुळ्या गिऱ्हाईक चालवून घेणार नाही. पातळ पत्रा वरच ठेवून वेगळी डाय कुणी वापरलीय का?