मदत हवी आहे: घरी झकास वाजणारा गिटार प्रोसेसर स्टेजवर माती का खातो?

सहावी_तार
मंडळी, वैतागलोय. घरी प्रोसेसरला (गिटारचा आवाज बदलणारा डबा) हेडफोन लावून वाजवलं की स्वतःचंच कौतुक वाटतं, स्टेजवर गेलं की सगळं पाण्यात. मागच्या महिन्यात हॉलमध्ये गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजली. परवा मंडळाच्या कार्यक्रमाला नेमकं उलटं, पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, वर मागे सतत घूंऽऽ. गिटार तीच, पॅच (साठवून ठेवलेली सेटिंग) तेच, हात तेच. काल रात्री तीन तास बसून सगळे पॅच नव्याने केले. घरी अर्थातच झकास. शनिवारी परत शो आहे, कोणती सेटिंग करू ते पटकन सांगा. 'सराव वाढव' सांगणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावे.

खर्ज
प्रोसेसर कोणता? कशाला जोडतोस? हे न सांगता सेटिंग विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा'.

ट्यूबभक्त
सेटिंग एकच. विकून टाक आणि ट्यूबचा (काचेच्या नळ्यांचा, जुन्या पद्धतीचा) अँप घे. नकली तो नकलीच.

सहावी_तार
बॉसचा जीटी-१ आहे. जोडतो म्हणजे काय, केबलने जोडतो.
@ट्यूबभक्त, दुचाकीवरून जातो हो मी शोला. तुमचा अँप मांडीवर घेऊ का?

साउंडवाला_नाना
केबलचं दुसरं टोक कुठे जातं ते विचारतोय तो. हॉलमध्ये कशात घातलीस, परवा कशात घातलीस, एवढंच सांग. २२ वर्षं मिक्सरमागे उभा आहे, निम्मे गिटारवाले इथेच अडकतात.

अळूवडी
विषयांतराबद्दल क्षमस्व. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला कोणती गिटार घ्यावी?

सहावी_तार
हॉलवर जेसी-१२० अँप होता, त्याच्या इनपुटला. परवा अँपच नव्हता, साउंडवाल्याने मिक्सरकडून एक लांब केबल ओढून दिली, ती लावली. पण पॅच तेच होते ना!

साउंडवाला_नाना
आता कळलं. प्रोसेसरमध्ये नुसत्या अँपची नक्कल नसते. स्पीकरच्या खोक्याची आणि त्यापुढे धरलेल्या माइकचीही असते. ती हेडफोन आणि मिक्सरसाठी. तू तोच आवाज जेसी-१२० मध्ये ओतलास. त्याचे १२ इंची दोन स्पीकर त्याच्यावर पुन्हा आपला रंग चढवणार. खोक्यात खोकं, म्हणून गोधडी. सिस्टीममध्ये आउटपुट सिलेक्ट बघ, लाइन/फोन्सवर असणार. अँपला जोडलास की तिथे जेसी-१२० निवड, म्हणजे खोक्याची नक्कल बंद होते. मिक्सरला जाताना आठवणीने परत लाइन/फोन्स.
आणि खरं सांग, हॉलमध्ये साउंड चेकला ट्रेबल चढवलं होतंस की नाही?

सहावी_तार
चढवलं होतं. ८० पर्यंत. आणि बहुतेक सेव्हही केलं.

खर्ज
'पॅच तेच' म्हणे! ते चढवलेलं ट्रेबल परवा थेट मिक्सरला गेलं, मग पत्रा वाजणारच.
काल केलेले पॅचही घरी हेडफोनवरच केलेस ना? हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणून घरी आपण बेस-ट्रेबल वाढवतो, मधला भाग काढतो, कानाला गोड लागतं. स्टेजवर आवाज मोठा झाला की खर्ज धपधपतो, ट्रेबल टोचतं आणि मधल्या जागेत कीबोर्ड पसरून बसलेला असतो. मिडल वाढव, गेन (आवाज किती फाटतो ते) घरच्यापेक्षा चांगला कमी ठेव, रिव्हर्ब (घुमारा) निम्मा. लो कट १००, हाय कट ६ हजार, म्हणजे १०० हर्ट्झच्या खालचं आणि ६ हजारच्या वरचं छाटायचं.

कोल्हापुरी_फ्रेट
लो कट १०० सरसकट नको. सहाव्या तारेचा मोकळा ई ८२ हर्ट्झला आहे. बोटांनी क्लीन वाजवणाऱ्याचा तिथेच जीव जाईल. ८० पुरे.

खर्ज
हा बँडमध्ये वाजवतोय, एकटा नाही. तिथे खाली बेसवाल्याचा संसार आहे.

कोल्हापुरी_फ्रेट
बेसवाला आहे हे याने कुठे सांगितलंय?

सहावी_तार
बेसवाला नाही. कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवतो.

कोल्हापुरी_फ्रेट
🙂

बाळ्या_बेसूर
घूं आवाजासाठी अक्सीर इलाज: अडॅप्टरचं किंवा अँपचं अर्थिंग काढायचं. प्लगची जाड पिन उपटायची. मी दहा वर्षं करतोय.

साउंडवाला_नाना
बाळ्या, हे असलं लिहू नकोस, कोणीतरी करून बसेल. अँपचं अर्थिंग तोडलं आणि आत काही बिघडलं तर करंट तारांवर येतो. गिटारवर हात आणि ओठ माइकला, की तूच मधली वायर. जनरेटरवर तर विचारूच नका.
घूं कुठून येतंय ते आधी शोध. जीटी-१ चार पेन्सिल सेलवर चालतो. अडॅप्टर काढ, सेल घाल. घूं गेलं तर दोष वीजपुरवठ्याच्या बाजूला. नाही गेलं तर ती लांब साधी केबल. एवढ्या लांबीत ती वाटेतला सगळा कचरा उचलते, त्यात लाइटिंगच्या वायरींशेजारून नेली असेल तर बघायलाच नको. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स माग, म्हणजे गिटारचा आवाज लांब केबलमधून कचरा न उचलता नेता येईल असा करणारी डबी. तो तुझ्या पायाशी ठेव, प्रोसेसरपासून त्याच्यापर्यंत छोटी केबल, पुढे मिक्सरपर्यंत माइकची केबल. तरी राहिलं तर डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या केबलमधला अर्थचा जोड तोडतं. पिन उपटायची नाही.

बाळ्या_बेसूर
मला काही झालं नाही अजून.

ट्यूबभक्त
आमच्या ऑर्केस्ट्रात गिव्हसनची गिटार थेट अहुजाच्या (सभेतल्या भोंग्याच्या) अँप्लिफायरला लावायचो. ना पॅच ना कट. लोक नाचायचेच.

खर्ज
काका, मग तुम्हीसुद्धा ट्यूबशिवायच वाजवत होतात की!

अळूवडी
माझ्या प्रश्नाचं कोणीतरी बघा.

कोल्हापुरी_फ्रेट
अळूवडीताई, अर्ध्या किंवा पाऊण मापाची, नायलॉन तारांची. बोटं कमी दुखतात. दुकानात मुलीला मांडीवर धरून बघू द्या आणि मगच घ्या.

सहावी_तार
शनिवार झाला. अँप नव्हताच, थेट मिक्सरला गेलो. आउटपुट लाइन/फोन्स, लो कट ९० (दोघांचंही ऐकलं), मिडल वाढवलं, गेन निम्म्यावर. घरी हाच पॅच ऐकला तर बुळा वाटत होता, तिथे बँडमधून सरळ वर आला. डीआय नव्हता साउंडवाल्याकडे, मित्राकडून आणला. सेल घातल्यावर घूं गायब.
फक्त शेवटच्या गाण्यात, ऐन सोलोत, डबा बंद पडला. सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले होते.

साउंडवाला_नाना
अरे देवा. नवे अल्कलाइन घाल, हे लिहायचं राहिलं माझं. आणि सोलोत काय केलंस?

सहावी_तार
कीबोर्डवाल्याने वाजवला. लोक म्हणाले, शेवटचा पीस भारी होता.