हॉस्पिटलर : ‘रुग्णालयाचे सरदार’ म्हणावं का?

प्रश्न : क्रुसेडवरच्या (मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांवरच्या) एका लेखाचा अनुवाद करतेय. ‘नाइट्स हॉस्पिटलर’ या लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाला ‘रुग्णालयाचे सरदार’ लिहिलं, पण खटकतंय. दुसरा शब्द सुचवाल?

प्रतिसाद : खटकणारच, कारण या शब्दात आधी पाहुणा आहे, रुग्ण मागून आला. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा आणि यजमानही, दोघांना एकच शब्द. त्याचा उत्तरार्ध आपल्या ‘पति’चा (गृहपति, सेनापति) नातेवाईक आहे. त्यावरून ‘हॉस्पिटल’ म्हणजे पाहुण्यांच्या उतरण्याची जागा. हॉटेल आणि हॉस्टेल त्याच घरातले, आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेलं ‘इस्पितळ’सुद्धा.

सन १०७०च्या सुमारास इटलीतल्या अमाल्फी शहराच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी जे उभं केलं, ती आपल्या भाषेत धर्मशाळाच. महिनोन्‌महिने प्रवास करून आलेली माणसं आजारी पडायची, म्हणून तिथे औषधपाणी सुरू झालं. जेरार नावाच्या धर्मबंधूने ती सांभाळली. १११३मध्ये पोप पास्कल दुसरे यांनी तिला मान्यता दिली. तलवार त्यानंतरची : ११३६मध्ये जेरुसलेमचा राजा फुल्क याने बेथगिबेलिनचा किल्ला या संघाच्या हवाली केला.

जेरारनंतरचे प्रमुख रेमाँ द्यु पुई यांनी घालून दिलेला नियम मला फार मोलाचा वाटतो. रुग्ण आला की त्याला खाटेवर न्यावं, तो धनी आहे असं समजून वागावं आणि सेवेकऱ्यांनी जेवायला बसण्याआधी त्याला जेवू घालावं. रुग्णांना ते ‘आमचे धनी’च म्हणत. म्हणून मी ‘शुश्रूषा’ शब्दाकडे वळेन. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा, त्यावरून सांगितलेलं मानणं आणि मग सेवा. हा प्रवास त्या नियमाशी किती जुळतो पाहा! ‘रुग्णसेवक’मध्ये हे येत नाही. ‘शुश्रूषाव्रती’ लिहा.

प्रश्न : छान! मग ‘नाइट’ला ‘शिलेदार’ चालेल?

प्रतिसाद : नको. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हॉस्पिटलरांनी तर निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेली, घोडा संघाचा. तेव्हा त्या अंगाने ते बारगिराच्या जवळचे, पण त्या शब्दाने वाचक थेट मराठा फौजेत जाईल. ‘शुश्रूषाव्रती योद्धे’ पुरेसं आहे. शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘हॉस्पिटलर’ही ठेवा.

लेख संघाच्या माल्टा बेटावरच्या काळापर्यंत (१५३० ते १७९८) जात असेल तर ‘लांग’ हा फ्रेंच शब्द भेटेल. शब्दशः जीभ किंवा भाषा, पण तिथे अर्थ मायदेशावरून पाडलेला गट : प्रोव्हान्स, इटली, जर्मनी वगैरे. ‘भाषागट’ म्हणा. माल्टातल्या व्हॅलेटा शहरातल्या संघाच्या रुग्णालयात रुग्णांना वाढण्याची पाळी या गटांवर वार लावून यायची. चांगल्या घराण्यांतले हे तरुण तिथे चांदीच्या भांड्यांतून आपल्या ‘धन्यां’ना जेवण वाढत.