विषय: अल्टोसाठी ‘सो व्हॉट’ – लिहिलेला सोलो आहे का कोणाकडे?

शिल्पा:
नमस्कार मंडळी,
शनिवारच्या सरावाला माझ्या ईशानला ‘सो व्हॉट’ या जॅझच्या चालीतला, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा सोलो (एकट्याने आयत्या वेळी रचत वाजवलेला भाग) अल्टो सॅक्सोफोनवर वाजवायचाय. इंटरनेटवर मिळालेली प्रत तो नीट वाचतो, पण पियानोबरोबर वाजवली की भलतेच सूर लागतात. अण्णांनी मागे सगळ्यांना पाठवलेल्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवली तर तिसरंच काहीतरी. ट्यूनर म्हणतो वाद्य सुरात आहे. अल्टोची प्रत कोणाकडे असेल तर प्लीज आज-उद्या पाठवा. पुस्तक घ्यायचं तर कोणतं, तेही सांगा.

मंदार:
शिल्पा, या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

तुझी प्रत ट्रम्पेटची असणार. वर कोपऱ्यात ‘बी-फ्लॅट’ लिहिलंय का बघ. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी-फ्लॅटमधले, अल्टो ई-फ्लॅटमधला, म्हणजे कागदावरचा ‘सी’ वाजवला की पियानोवरचा तो सूर निघतो. या चालीचा मुख्य भाग पियानोवर डी डोरियन (डी ते डी, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या) आहे. ट्रम्पेटवाल्याला तोच ई डोरियन म्हणून लिहून द्यावा लागतो आणि अल्टोवाल्याला बी डोरियन, म्हणजे तीन शार्प (अर्ध्या पायरीने वर नेलेले सूर). मधले आठ बार (चार-चार ठोक्यांचे गट) पियानोवर ई-फ्लॅट डोरियन, अल्टोच्या कागदावर सी डोरियन. थोडक्यात, ट्रम्पेटच्या कागदावरचा प्रत्येक सूर पंचमाने वर न्यायचा. फार वर चढला तर तोच एक सप्तक खाली. म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ट्रम्पेट म्हणून नोटेशन भरा आणि वाद्य बदलून अल्टो करा, बाकीचं ते करतं.

दुसरी भानगड अण्णांच्या फाइलची. ती जुन्या एलपीवरून घेतलेली आहे ना? ‘सो व्हॉट’ ज्या रेकॉर्डवर आहे त्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं मार्च १९५९चं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवून तबकड्या काढल्या, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी चढ्या सुरात गेली. फरक अर्ध्या सुराहूनही कमी, म्हणून ऐकताना कळत नाही. वाजवायला बसलं की मात्र कशाशीच जुळत नाही. १९९०च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे दुरुस्त झालंय. त्यातलीच फाइल घ्या.

अण्णा:
मंदार, त्या तबकडीला बोल लावू नकोस. इतकी वर्षं जिवापाड जपली आहे, आणि सगळ्या जगाने ते संगीत त्याच सुरात ऐकून डोक्यावर घेतलं. सूर चढा वाटत असेल तर ईशानने माउथपीस थोडा आत ढकलावा.

माझं म्हणणं वेगळंच आहे. मुलाच्या हातात आधी कागद देताच कशाला? भातखंड्यांनी बंदिशी नोटेशनसकट छापून घराघरात पोचवल्या, त्यांचे उपकार मोठेच. पण त्या पुस्तकातून बंदिश मिळते, बढत मिळत नाही. ती समोर बसून ऐकावी लागते. इथेही तसंच. जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांना टेनर सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो आधी गळ्यातून म्हणायला लावायचे, वाद्य नंतर. ईशानला तो सोलो पूर्ण गाता येतो का, हे आधी विचारा.

विद्याताई:
ग्रंथालय विभागातर्फे: कृपया या यादीवर स्कॅन पाठवू नका. नाटकाच्या संहितेच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ज्यांना काही द्यायचंय त्यांनी आधी मला कळवावं.

‘रिअल बुक’ या जॅझच्या चालींच्या संग्रहाबद्दल बरेच जण विचारतात. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ते परवानगीशिवाय लिहून झेरॉक्सवर पसरवलं. संगीतकारांना त्याचा छदामही मिळत नव्हता. हॅल लेनर्ड या प्रकाशनाने २००४मध्ये रीतसर परवानग्या घेऊन ते छापलं. आता ते विकत मिळतं, सी, बी-फ्लॅट, ई-फ्लॅट अशा वेगळ्या प्रती असतात. अल्टोला ई-फ्लॅटची.

समीर:
विद्याताई, पण त्यात सोलो नसतातच! फक्त चाल आणि वर कॉर्डची नावं. शिल्पाला त्याचा काय उपयोग? शिवाय जुन्या प्रतीत चुका होत्या. पियानोवर बसलेल्याला कॉर्ड चुकीची दिली की सगळा बँड पडतो, हे मी सोसलेलं आहे. चक शेर यांचं १९८८चं ‘न्यू रिअल बुक’ मला जास्त भरवशाचं वाटतं. नुसते कॉर्डच हवे असतील तर आयरिअल प्रो हे अ‍ॅप पुरे, साथीला बँडही वाजवतं. चाल मात्र त्यात लिहिलेली नसते.

लिहिलेले सोलो हवेत तर ‘चार्ली पार्कर ऑम्निबुक’. १९७८चं, ६० सोलो, जेमी एबरसोल्ड आणि केन स्लोन यांनी उतरवलेले. पार्कर स्वतः अल्टोवाला, म्हणून ई-फ्लॅटची प्रत म्हणजे त्याचीच बोटं. वायमारच्या संगीत विद्यापीठाने ४५६ सोलो संगणकासाठी उतरवलेत तेही बघण्यासारखे आहेत, पण ते संशोधनाच्या अंगाने.

आणि माइल्सचाच हट्ट का? त्याच रेकॉर्डवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली अल्टोच वाजवतोय.

शिल्पा:
कोपऱ्यात बी-फ्लॅटच आहे! मंदार, खूप आभार. समीर, कॅननबॉल ईशानने ऐकला, पण तो म्हणाला, “आई, इतके सूर माझ्या डोक्यात मावत नाहीत.” माइल्सचा त्याला गाता येतो, अण्णा. पहिला कोरस (चालीचं एक पूर्ण आवर्तन) पूर्ण, दुसरा निम्मा.

मंदार:
अण्णा, माउथपीस ढकलून तेवढा फरक भरून निघत नाही. वरचे सूर आणि खालचे सूर सारखे चढत नाहीत, वाद्य आतून बेसुरं होतं. फाइलच बदलायला हवी.

गाण्याचं तुमचं मात्र शंभर टक्के पटतं. शिल्पा, त्याला पहिला कोरस येतोय म्हणजे ३२ बार पाठ झालेच. आता कागद फक्त पडताळायला ठेवा. ‘ट्रान्स्क्राइब’ सॉफ्टवेअरमध्ये चार बार पकडायचे, वेग निम्मा करायचा (सूर तोच राहतो), आणि तेवढेच फिरवत ठेवायचे. आधी सूर नाही, ताल लिहायचा: कुठे सुरू झालं, कुठे थांबलं. या सोलोत माइल्स एखादा सूर तालाच्या जरा मागे टाकतो आणि मग गप्प बसतो. छापील प्रतीत तो सूर सरळ ठोक्यावर दाखवलेला असतो, कारण खरा तसा लिहिला तर वाचणाऱ्याचे डोळे फिरतील. दोन वेगवेगळ्या प्रती समोरासमोर ठेवा, नेमक्या अशाच जागी त्या वेगळ्या निघतील. तिथे कोण बरोबर हे कागद सांगणार नाही. रेकॉर्ड लावायची आणि ईशानने ठरवायचं.

मी शुक्रवारी संध्याकाळी मोकळा आहे. टेनर घेऊन येतो.

अण्णा:
नव्या आवृत्तीची फाइल कोणीतरी मलाही पाठवा. दोन्ही शेजारी लावून ऐकतो.

विद्याताई:
अण्णा, पाठवू नका म्हटलं ना! ग्रंथालयात नव्या आवृत्तीची सीडी आहे, ती रीतसर नोंद करून घेऊन जा. आणि मंडळाचं ऑम्निबुक, ई-फ्लॅटचं, कपाटात नाही. नोंदवहीत कोणाचं नाव नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शनिवारच्या सरावाला घेऊन यावं, ईशानला लागेल.