लायब्ररीतलं कोडिंग आणि आपली मुलं: तुमचे अनुभव लिहा

सुट्टी लागली की 'सातव्या वर्षी ॲप बनवा' छाप क्लासच्या जाहिराती सुरू होतात. त्या बाजूला ठेवू. सार्वजनिक वाचनालयात, फुकट किंवा नाममात्र फी भरून, तुमची मुलं काय शिकली? परदेशातल्यांनी लिहाच, पण इथल्या वाचनालयांबद्दल वाचायची जास्त उत्सुकता आहे.

इंग्लंडहून
आमच्या लायब्ररीत शनिवारी कोड क्लब, म्हणजे मुलांचा कोडिंगचा वर्ग भरतो. ही चळवळ 2012 मध्ये इथेच सुरू झाली, शिकवणारे स्वयंसेवक असतात. लेक स्क्रॅचमधल्या (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) मांजराला नाचवून लवकरच कंटाळली. मग लायब्ररीने पुस्तकासारखा मायक्रोबिट नावाचा चिमुकला संगणक घरी दिला. हातात मावणारी सर्किटची पट्टी, 25 बारके दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. तिने तो बाबाच्या मोज्यात खोचून पावलं मोजली. बाबा जागच्या जागी पाय हलवून आकडा वाढवतो, हेही तिनेच पकडलं!

शिकागोहून
इथल्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत 2009 पासून 'यूमीडिया' हे डिजिटल दालन आहे, खास किशोरवयीनांसाठी. मुलगा गेला गाणी रेकॉर्ड करायला, रमला थ्रीडी प्रिंटरपाशी. आम्ही बाहेर मासिकं चाळत बसायचो. आईबाप मानेवर नसणं हाच तिथला मोठा फायदा, असं माझं मत.

सातारा जिल्ह्यातून (ग्रंथपाल)
आमचं 'क' वर्गाचं वाचनालय. संगणक एकच, तोही नोंदींत अडकलेला. म्हणून संगणकाशिवायच केलं. न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातल्या मंडळींनी असे खेळ तयार केलेत. पाच मुलं रांगेत, हातात 16, 8, 4, 2, 1 ठिपक्यांचे पुठ्ठे. पुठ्ठा दाखवला की एक, उलटा धरला की शून्य. दिसणाऱ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे आकडा; संगणकही असाच एक-शून्यात मोजतो. सगळे दाखवले की 31. "आणि 32?" असं विचारताच मागून आवाज आला, "अजून एकाला उभं करा की!" पेपर वाचायला येणारे एक आजोबा म्हणाले, माझं वय करून दाखवा, 74. सात मुलं लागली. 64, 8 आणि 2 वाले पुठ्ठे समोर, बाकी उलटे. पुढच्या वेळी आजोबा त्यांच्या मित्रांना घेऊन हजर.

पुण्याहून
सगळंच गोड नसतं हो. आम्ही गेलो तिथे चार मुलांत एक लॅपटॉप. माऊस थोराड मुलाच्या हातात, मुली मागे उभ्या. शिकवणाऱ्या ताईंना सांगितल्यावर घड्याळ लावून पाळ्या केल्या. एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने काय करायचं ते सांगायचं. त्यानंतर मुलींचे आवाज ऐकू यायला लागले.

@सातारा
स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती फुकट उतरवून घेता येते, मग रोज नेट लागत नाही. नोंदी दुपारी आटपत असतील तर संध्याकाळी तोच संगणक मुलांना देता येईल का?

सातारा
संध्याकाळी लाइट असते का ते आधी विचारा! पण रविवारी सकाळी जमेल. अध्यक्षांशी बोलतो.