मर रोगासाठी मायकोरायझा: ट्रेमध्ये द्यावा की लागणीनंतर?

रोपवाला: टोमॅटोला फ्युजारियम बुरशीची मर (झाड कोमेजून वाळणं) लागू नये म्हणून मायकोरायझा (मुळांत राहणारी उपयोगी बुरशी) द्यायचाय. रोपांच्या ट्रेमध्ये की लागणीनंतर आळवणीतून (पाण्यात मिसळून मुळाशी ओतून)? बियाण्याला कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि सोबत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीवर जगणारी बुरशी) चालेल का?

मूळव्याकरण: ट्रेमध्येच. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही आणि मुळात नीट बस्तान बसवायला 3-4 आठवडे घेते. कप्पा अर्धा भरा, मायकोरायझाचं चिमूटभर कल्चर (विकत मिळणारी बुरशीची भुकटी) पसरा, वर 1-2 सेंमी कोकोपीट, मग बी. उगवलेलं मूळ थेट त्या थरातून जायला हवं. झाडं माना टाकायला लागल्यावर आळवणी केलीत तर उपयोग नाही.

ही मायकोरायझा बुरशी फ्युजारियमला मारते असं समजू नका. मुळातली जागा आणि साखर आधीच अडवते, मुळातून पाझरणारी द्रव्यं बदलते आणि झाडाची जॅस्मोनिक आम्लावर (झाडातलं एक संप्रेरक) चालणारी प्रतिकारयंत्रणा सावध ठेवते. रोग येतो, पण कमी पसरतो. जमिनीत फ्युजारियमचा जोर जास्त असेल तर एवढ्यावर भागत नाही, प्रतिकारक वाण लागतोच.

माती_आणि_सूक्ष्मदर्शक: बहुतेकांचं इथे बिघडतं: ट्रेला 12:61:00 (भरपूर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस असलेलं विद्राव्य खत) सोडतात. स्फुरद भरपूर मिळाला की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन कमी सोडतं. मायकोरायझाला बोलावणं धाडणारं द्रव्य तेच! मग कल्चर कितीही चांगलं असो, आत शिरत नाही. पहिला महिना स्फुरद हात राखून द्या.

कार्बेन्डाझिम नको, मायकोरायझालाही ते मारक आहे. ट्रायकोडर्मा चालतो. तो रोगट बुरशीच्या तंतूंना विळखा घालून कायटिनेज या विकराने त्यांची भिंत विरघळवतो. काही जाती मायकोरायझालाही त्रास देतात, म्हणून तो ट्रेमध्ये नको, लागणीच्या वेळी, म्हणजे मायकोरायझानंतर 3 आठवड्यांनी द्या.

कोबी, मोहरी, पालक, बीट यांना मायकोरायझा देऊ नका, त्यांच्या मुळांत तो जमतच नाही.

रोपवाला: बसला की नाही, मुळं पाहून कळतं का?

माती_आणि_सूक्ष्मदर्शक: नुसत्या डोळ्यांनी नाही. बारीक मुळं 10% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत उकळा (हातमोजे, चष्मा हवाच), चांगली धुवा, मग व्हिनेगरमध्ये 5% काळी शाई घालून त्यात 3 मिनिटं उकळा. शेवटी थेंबभर व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा. 200 पट मोठं केल्यावर पेशीत झुडपासारख्या फांद्या दिसल्या तर बसला. नुसते आडवे-उभे तंतू दिसले तर खात्री धरू नका, इतर बुरश्याही तसंच रंगतात.