प्रतिसाद: एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या) रुळांखाली कॉर्क की फोम?

तुम्ही प्लायवर एचओचे रूळ टाकताय आणि कॉर्क महाग म्हणून ईव्हीए फोम घ्यायचा विचार आहे, असं लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: कॉर्कच घ्या. फोम मऊ असतो, खिळा जरा जास्त ठोकला की रूळ तिथे खाली दबतो आणि जोडावर डबे उतरतात.

तयार पट्ट्या नकोत. ५ मिमी जाडीचा कॉर्क शीट आणा, साधारण २२ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा, बाहेरची कड तिरकी ठेवा. आधी रुळांची मध्यरेषा पेन्सिलीने आखा, मग दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी चिकटवा. अरुंद पट्टी वळणावर सहज वळते. दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. वाळल्यावर वरून पॉलिशपेपर मारा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग गाडी का डुलते ते शोधत बसतात.

आवाजाबद्दल विचारलंत, तर खरी गोम रुळांभोवती टाकतो त्या बारीक खडीत आहे. ती चिकटवायला वापरतात तो पातळ केलेला फेव्हिकॉल वाळून कडक होतो. खडी कॉर्कच्या उतारावरून प्लायपर्यंत चिकटली की कंपनं तिथूनच खाली जातात आणि प्लाय ढोलासारखा घुमतो. म्हणून वाळल्यावरही लवचिक राहणारा लॅटेक्सचा चिकटद्रव वापरा.

कुठे थर्माकोल वापरलात तर त्यावर मात्र उग्र वासाचं रबरी सोल्युशन (लॅटेक्स नव्हे) लावू नका, थर्माकोल विरघळतो.

प्लायला खालून आणि कडांनाही रंग दिलाय ना? पावसाळ्यात फुगलेल्या प्लायवर कॉर्क काही करू शकत नाही.