गटसत्रात उत्स्फूर्त नाट्याची तत्त्वे कशी मुरवावीत? सल्ला हवा आहे

प्रश्न

मी नियोजनाच्या बैठका आणि प्रशिक्षणसत्रे चालवतो. सुरुवातीला उत्स्फूर्त नाट्यातला, म्हणजे लिहिलेल्या संवादांशिवाय आयत्या वेळी सुचेल तसे करण्याचा, दहा मिनिटांचा एखादा खेळ घेतला की लोक हसतात, मोकळे होतात. परंतु मूळ विषय सुरू होताच तेच दोन-तीन आवाज चर्चा ताब्यात घेतात आणि बाकीचे वहीत डोके घालून बसतात. मागच्या सत्रात एका ज्येष्ठ बाईंना मी आग्रहाने मूकाभिनयासाठी पुढे बोलावले. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, काहीही न करता जागेवर परतल्या आणि दिवसभर एक शब्दही बोलल्या नाहीत. चूक माझीच होती आणि ती अजून टोचते आहे. खेळकरपणा सुरुवातीपुरता न राहता संपूर्ण सत्रात कसा टिकवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला खेळ आणि आपले काम यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला मूळ दुखणे वाटते. शिकागोमध्ये नाट्यखेळांची पद्धत घडवणाऱ्या व्हायोला स्पोलिन प्रत्येक खेळात सोडवण्याजोगा एकच प्रश्न ठेवत असत, त्यामुळे खेळणाऱ्याचे लक्ष स्वतःवरून उठून त्या प्रश्नावर जाई. ‘पुढे येऊन करून दाखवा’ यात नेमके उलटे घडते.

एक ते वीस मोजण्याचा खेळ घेऊन पाहा. सर्वांनी गोलात डोळे मिटून उभे राहायचे, कोणीही पुढचा आकडा म्हणायचा, मात्र दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या काही फेऱ्या सहाच्या पुढे सरकत नाहीत; मग हळूहळू घाई करणारे थांबू लागतात आणि एरवी गप्प बसणाऱ्याच्या तोंडून ‘अकरा’ येतो. तिथेच विचारावे, ‘आत्ता कोण थांबले आणि कशामुळे?’ त्याच उत्तरावरून मूळ चर्चा सुरू करावी.

स्पोलिन यांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: त्या शाबासकी आणि नापसंती दोन्ही टाळत. आपण एकाला ‘वा, छान’ म्हटले की पुढचा माणूस विषयाकडे न पाहता आपल्या चेहऱ्याकडे पाहून बोलू लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. समोरच्याचे म्हणणे स्वीकारून त्यात भर घालण्याचे उत्स्फूर्त नाट्यातले ‘होय, आणि...’ हे तत्त्व वापरायचे, तर चुकीच्या सूचनेलाही होकार द्यावा लागेल का?

प्रतिसाद २

अजिबात नाही. रंगमंचावर त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्याने जे मांडले ते घडले आहे असे धरून पुढे जायचे. बैठकीत कोणी ‘हा आराखडा चालणारच नाही’ म्हणाले, तर तेही त्याने मांडलेलेच आहे; ते धरूनच पुढे जायचे. ‘होय, आणि तो सर्वांत आधी कुठे अडेल असे आपल्याला वाटते?’ असे विचारले की विरोध कामाला लागतो. मात्र निवड किंवा खर्चाचा निर्णय करायच्या टप्प्यावर हे तत्त्व बाजूला ठेवून सरळ छाननी करावी, आणि टप्पा बदलल्याचे गटाला स्पष्ट सांगावे. हे न सांगितल्यास आपल्याला फसवले गेले, असे लोकांना वाटते.

त्या बाईंविषयी सांगायचे, तर पुढच्या सत्राआधी एकांतात त्यांची क्षमा मागावी आणि पुन्हा खेळण्याचा आग्रह मुळीच करू नये. खेळाबाहेर राहून निरीक्षण करणे ही सर्वांसाठी खुली असलेली, मानाची भूमिका आहे, असे आपण आरंभीच जाहीर केले, तर त्यांच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. उत्स्फूर्त नाट्याचे नामवंत शिक्षक कीथ जॉनस्टन शिकवताना स्वतः जमिनीवर बसत आणि विद्यार्थ्यांना सांगत, की जमले नाही तर दोष माझा धरा. जमिनीवर बसण्याची गरज नाही, पण ते वाक्य मी स्वतः प्रत्येक सत्रात उच्चारते आणि पहिली चूक होताच ते पाळते.

गटात नुकतेच भांडण झाले असेल किंवा कोणाची नोकरी टांगणीला लागली असेल, तर त्या दिवशी खेळ घेऊच नये. आधी ते बोलून घ्यावे.